पडद्यावरील दोन नावे

जोतीराम यांच्या घरचा संगणक सुरू केला असता प्रथम पडदा पूर्ण काळा होत असे आणि त्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत, एकाखाली एक, अशी दोन नावे उमटत असत. वरचे नाव ऋतुजाचे व खालचे शिवराजचे. ही जोतीराम यांची दोन अपत्ये. ऋतुजा थोरली, शिवराज धाकटा. ज्याला आत जावयाचे असेल त्याने आपले नाव बाणाच्या कळीने निवडावे, याकरिता तो संगणक काही क्षण थांबत असे. कोणीच काही निवडले नाही, तर तो आपण होऊन वरच्या नावाचे दार उघडीत असे. आज तोच संगणक त्याच टेबलावर आहे, चालू आहे, किंबहुना पूर्वीपेक्षा जलद चालतो असे शिवराजचे म्हणणे आहे. परंतु आता तो कोणाचेही नाव विचारीत नाही. हे असे कसे झाले, ते मी जसे पाहिले तसे येथे लिहीत आहे.

जोतीराम आणि मी अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्यात अनेक वर्षे बरोबरीने काम करीत आलो आहोत. ते मंगळवेढ्याकडील कोरडवाहू भागातले. घरी थोडी जमीन व मेंढरे. तरुणपणी ते सोलापुरास आले, मागावर उभे राहिले आणि आपल्या हुशारीने जॉबर झाले. जॉबर म्हणजे माग बिघडला असता तो नीट करून देणारा मनुष्य. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. त्यांच्या घरी फोडणी पडली की ठसका मला लागतो, इतके सान्निध्य.

तो संगणक त्यांनी जुना घेतला, ऋतुजा तंत्रनिकेतनात संगणकाची पदविका करीत होती तेव्हा. यंत्र एक आणि बसणारी दोघे, त्यामुळे घरात नित्य कलह. शिवराजने काही खेळ भरावेत, त्याने ऋतुजाचा अभ्यास पुसला जावा. मग तिने रागाने त्याचे खेळ काढून टाकावेत. गिरिजाबाई, म्हणजे या मुलांची आई, दोघांनाही लाटणे दाखवीत असत. अखेर ऋतुजाने आपल्या सरांकडून एक उपाय शिकून आणला. संगणकात माहिती साठविण्याची जी तबकडी असते, तिचे तिने दोन समान भाग केले. एका भागात पूर्वीचीच कार्यप्रणाली ठेवली, जी सगळीकडे दिसते ती. दुसऱ्या भागात सरांनी दिलेली, फुकट मिळणारी दुसरी कार्यप्रणाली बसविली. पहिली शिवराजची, दुसरी तिची.

हे मला त्या वेळी समजत नव्हते. तिने मला मागाचेच उदाहरण दिले. एकाच मागावर दिवसपाळीला एक विणकर असतो, रातपाळीला दुसरा. माग तोच, पण हात वेगळा आणि माल वेगळा. एका वेळी दोघे उभे राहू शकत नाहीत. तसेच हे. आणि कोण उभा राहणार, हे सुरुवातीला त्या काळ्या पडद्यावर विचारले जाते. मराठी अक्षरे त्या पडद्याला येत नसत, म्हणून तिने दोघांची नावे इंग्रजी लिपीत लिहून ठेवली होती.

भांडण मिटले. केवळ एक चिडवाचिडवी उरली. तिच्या भागात बसले असता शिवराजचे सर्व सामान दिसत असे, पण शिवराजच्या भागात बसले असता तिचा भाग दिसतच नसे; तेथे काहीतरी आहे, एवढेच कळे. ती त्याला म्हणायची, "तुझा समदा पसारा मला दिसतोय, शिवा. माझं घर मात्र तुला दिसायचं न्हाय." त्यावर तो म्हणे, "दिसाय काय हाय तितं? फुकटचं घर, पाहुणा कोण येत न्हाय."

पाहुणा येत होता, तो म्हणजे खुद्द जोतीराम. ऋतुजाने पदविकेसाठी आपल्या भागात एक आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, तयार केली होती. टॉवेलच्या किनारीची नक्षी आपण चौकटीच्या कागदावर काढतो; एकेक चौकट म्हणजे एकेक धागा. तो कागद पाहून, प्रत्यक्ष विणल्यावर ती किनार कशी दिसेल, हे तिची आज्ञावली पडद्यावर दाखवी. जोतीराम कारखान्यातून जुने कागद घेऊन येत, आणि कामावरून आल्यावर हातपाय धुऊन तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसत. तिला ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे, पुस्तकातून ठाऊक. यांना बोटांनी ठाऊक. ते पडद्यावर बोट ठेवून सांगत, "हितं धागा लई लांब मोकळा सोडलायस. टावेल धुताना बाईच्या बांगडीत अडकंल की ह्यो." आणि ती हसून सुधारणा करी. भिंतीपलीकडून हा संवाद मला नित्य ऐकू येई. आयुष्यभर मागाच्या खडखडाटात ओरडून बोललेल्या त्या माणसाचा आवाज त्या वेळी किती हलका होत असे, हे मी ऐकले आहे.

यथाकाल ऋतुजाचा विवाह झाला. होटगीचे स्थळ. जावई अभिमन्यू रेल्वेत, स्वभावाने शांत. संगणक सोबत गेला नाही, कारण तो दोघांचा. सासरी नवीन घेऊ असे ठरले होते आणि ते ठरलेलेच राहिले. ऋतुजाची सासू बजाबाई वाईट नव्हती. मात्र जुन्या वळणाची होती. दिल्या घरची लेक सणावारीच माहेरी जावी, वरचेवर गेल्यास दोन्ही घरांना लोक नावे ठेवतात, असे तिचे मत होते, आणि आमच्याकडे ते पुष्कळांचे आहे. परंतु आमच्या भागातील एका नक्षीवाल्याने ऋतुजाचे काम पाहून तिला किनारी काढण्याचे काम देण्यास आरंभ केला होता, आणि ते काम ज्यावर होत असे ते यंत्र सोलापुरास, वडिलांच्या घरी. त्यामुळे एक रविवार आड करून ती येऊ लागली. बजाबाई शेजारणींना सांगत, "माहेरपणाला न्हाय जात ती, कामाला जाती." या एका वाक्याच्या आधाराने ते येणे-जाणे चालले होते.

त्या रविवारी जोतीराम सकाळीच दाढी करीत. संगणक आपल्या हाताने सुरू करून ठेवीत. त्यांना त्यातले अधिक काही येत नसे. परंतु काहीही न करता हात बांधून बसले की तो आपोआप ऋतुजाचा भाग उघडतो, हे त्यांना ठाऊक झाले होते. एकदा शिवराज चिडला की, मी चहा प्यायला उठलो की हे मशीन ताईकडे पळते, रोज बसणारा मी आणि मान हिला. ऋतुजाने ते ऐकले आणि दोन-तीन कळा दाबून नावांचा क्रम पालटला. शिवराज वर गेला, ती खाली आली. "रोज बसणाऱ्याचं आधी," एवढेच म्हणाली. त्या दिवसापासून जोतीराम बाणाची कळ एकदा खाली दाबावयास शिकले.

शिवराज तोपर्यंत लग्नाच्या चित्रफिती जुळवून देण्याच्या धंद्यात पडला होता. हळद, अक्षता, वरात, नवरा-नवरीचे विवाहपूर्व फिरणे, हे सर्व तो कापून जोडून, गाणे लावून देई. काम चांगले करी. परंतु अशा फिती जागा फार खातात. त्याचा भाग भरून गेला. एकाच्या लग्नाचे काम संपल्याशिवाय दुसऱ्याचे उतरवून घेता येईना. तेव्हा तो घरात बोलू लागला की, ताईचा भाग जवळजवळ मोकळा आहे; महिन्यात दोनदा येणाऱ्यासाठी निम्मे घर कुलूप लावून ठेवायचे आणि राहणाऱ्याने अंगणात झोपायचे, हा कुठला न्याय. त्याचे बोलणे अगदीच खोटे नव्हते, म्हणून ते जोतीराम यांच्या मनात शिरले.

आता जोतीराम यांच्या स्वभावाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. हा मनुष्य कोणाचे काही न विचारता घेणारा नव्हे. त्यांचे वडील वारले तेव्हा जमिनीत त्यांच्या दोन्ही बहिणींचा, सोनाबाई व बाळाबाई यांचा, कायद्याने हिस्सा होता. आमच्याकडील रीत अशी की बहिणी कचेरीत येऊन हक्कसोड करून देतात, म्हणजे आम्हांस हिस्सा नको, भावाने खावे, असे लिहून देतात. आणि भाऊ त्यांना साडीचोळी करतो. त्या दोघी आल्या, साक्षीदारांदेखत अंगठा व सही करून गेल्या, नव्या साड्या नेसून जेवल्या. तंटा नाही, वाईट शब्द नाही. गावात अन्य घरी याच कारणावरून डोकी फुटली होती. म्हणून तो दिवस जोतीराम फार अभिमानाने सांगत असत. आपल्या घरी सर्व रीतीने झाले, ही त्यांची धारणा.

सबब, ऋतुजाचा संगणकातील भाग शिवराजला द्यावयाचा तर तोही रीतीनेच द्यावा, असे त्यांनी मनात योजिले. चाटी गल्लीत जाऊन त्यांनी एक डाळिंबी रंगाची साडी आणली, त्यावर खण घेतला. आणि पुढच्या रविवारी मला निरोप आला की, ऋतू येणार आहे, घटकाभर येऊन बसा. चारचौघांत झालेले बरे. मी सदरा घालून गेलो. मला वाटले, काही शुभवार्ता असावी.

ऋतुजा संगणकापाशी बसली होती. पडद्यावर निळ्या-पांढऱ्या किनारीची नक्षी अर्धवट होती. जोतीराम यांनी तिला इकडे येऊन पाटावर बैस म्हणून सांगितले, गिरिजाबाईंकडून कुंकू लावविले आणि साडी तिच्या ओटीत दिली. ती गोंधळली, कारण सण नव्हता. तेव्हा त्यांनी आपला विचार सांगितला. शिवाचा धंदा वाढतो आहे, त्याला जागा नाही; तुझा जो अर्धा भाग आहे, तो तू खुशीने भावाला सोडावास, आणि मनात काही ठेवू नयेस.

ऋतुजा प्रथम हसली. "आप्पा, ही काय जमीन हाय व्हय?"

"जमीन नसली तरी तुझं हाय की ते. तुझ्या हातानं मांडल्यालं. न विचारता कसं घ्यावं?"

हे ते इतक्या सरळपणाने बोलले की तिचे हसू हळूहळू गेले. तिने साडीच्या घडीवरून हात फिरविला. शिवराज दाराच्या चौकटीला टेकून मोबाईलकडे पाहत उभा होता. त्याला बहुधा लाज वाटत होती. मी साक्षीदार म्हणून बसलेलो, सबब काहीतरी बोलावे म्हणून म्हणालो की, तुझे काम शिवराजच्या भागातही होईल की, पोरी. त्यावर तिने शांतपणे सांगितले की, नाही होत काका, ते त्या दुसऱ्या प्रणालीवरच चालते. मग वडिलांकडे वळून म्हणाली, "घ्या की. त्याच्यापायी साडी कशाला आणायची?"

आणि थोड्या वेळाने शिवराजला म्हणाली, "पण तू हात लावू नको, शिवा. पुढच्या खेपंला मी येऊन माझ्या हातानं काढते. सुरवातीला नावं विचारतंय न्हवं, ते समदं माझ्या बाजूला बसवलंय. दोन्ही घरांची किल्ली माझ्या घरातल्या खिळ्याला हाय, असं समज."

शिवराज बरे म्हणाला.

त्यानंतर ती पुन्हा संगणकापाशी बसली. कानातल्याएवढी एक काडी, म्हणजे माहिती साठविण्याचा पेनड्राइव्ह, तिने पर्समधून काढून यंत्राला लावली आणि बराच वेळ बसून राहिली. जोतीराम यांना वाटले, नेहमीचे काम चालले आहे. त्यांनी स्टूल ओढून नक्षीविषयी काही विचारले, तर तिने उत्तरही दिले. संध्याकाळच्या गाडीने ती गेली. जाताना साडीची पिशवी तिच्या हातात होती.

ती गेल्यावर जोतीराम मला म्हणाले की, पाहा, किती गुणाची लेक. एक शब्द वावगा नाही, माझ्या बहिणींसारखेच झाले. गिरिजाबाई भाकरी थापीत होत्या. त्यांनी तव्यावरून दृष्टी न काढता सांगितले, "ती साडी दिली की लेक पाव्हणी व्हती. मलाबी दिलीया माझ्या भावानं. तवापासनं मी माहेरी जेवाय जाती, ऱ्हायला न्हाय."

भाकरी टम्म फुगली, ती जोतीराम यांनी ताटात घेतली.

पुढची खेप येण्यास अवकाश होता, पण शिवराजला अवकाश नव्हता. एका लग्नाचे काम त्याला तातडीने द्यावयाचे होते आणि दुसऱ्याचे येऊन पडले होते. त्याने आठवड्याच्या मध्येच, आपल्या भागात बसून, जो भाग त्याला केवळ एक मोकळी चौकट म्हणून दिसत असे तो काढून टाकला आणि आपल्यास जोडून घेतला. ते काम त्याला अगदी सोपे वाटले. जागा दुप्पट झाली, हे त्याने आईला येऊन सांगितले. तदनंतर त्याने संगणक बंद करून पुन्हा चालू केला.

काळा पडदा आला, पण नावे आली नाहीत. दोन्हीपैकी एकही नाही. इंग्रजीत एक ओळ आली आणि तिच्यापुढे एक लहानशी खूण लुकलुकत राहिली. शिवराजने कळा दाबल्या, वायर काढून लावली, पुन्हा तीच ओळ. जोतीराम कामावरून आले तेव्हा तो डोके धरून बसला होता. त्यांनी विचारले, काय लिहिले आहे? तो म्हणाला, "तो भाग सापडत न्हाय म्हणतंय."

"कुटला भाग?"

"ताईचा."

"मग तुझा उघड म्हणावं की."

"माझाबी तिच्याच वाटंनं उघडतोय, आप्पा."

हे वाक्य मी भिंतीपलीकडून ऐकले.

दुसऱ्या दिवशी ते यंत्र रिक्षात घालून शिवलिंगप्पाच्या दुरुस्तीच्या दुकानी नेले. मीही बरोबर होतो. शिवलिंगप्पा अक्कलकोटकडचा, कानडी बोलणारा, गिऱ्हाइकाची थट्टा केल्याशिवाय पेचकस हातात न घेणारा. त्याने पडदा पाहिला आणि शिवराजकडे पाहिले.

"यप्पा, किल्लीसकट खिळा उपटलास की रे. मी दार उघडतो, पण समदं पुसून नवं घालाय लागतंय. आतल्या नवऱ्या-बिवऱ्या सगळ्या जातील बग. जमतंय का?"

शिवराज म्हणाला की, लोकांची लग्ने आहेत ती. पुन्हा कशी लावायची? तेव्हा शिवलिंगप्पाने थट्टा सोडली आणि सांगितले की, ज्याने हे बसविले त्यालाच बोलवा. त्याला आतली मांडणी ठाऊक असेल, त्याच्या हातून वाचण्याचा संभव आहे, मी उगाच हात घालीत नाही. "कुणी बसवलं?" असे त्याने विचारले. जोतीराम म्हणाले, "लेकीनं."

फोन त्यांनीच केला. शिवराज करीत होता, पण त्यांनी त्याच्या हातून घेतला. पलीकडून ऋतुजा काय म्हणाली ते ऐकू आले नाही. जोतीराम मात्र दोनदा म्हणाले, "चुकलं, बाई." मग फोन शिवराजच्या हाती देऊन म्हणाले, "येती म्हणाली."

ती आली. यंत्र आम्ही घरी परत आणले होते. बजाबाईंनी अडविले नाही, कारण यंत्र बिघडले म्हणजे ते कामच. तिने चप्पल काढली, पाणी प्यायली, आणि खुर्चीत बसून पर्समधून एक काडी काढली. शिवराज तिच्या मागे उभा राहून काही सांगू लागला, ताई मी घाई केली, मला वाटले नुसती रिकामी चौकट आहे. तिने मागे न पाहता म्हटले, "गप बस. नवऱ्या वाट बघत असतील तुझ्या." तो थोडा हसला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

काम फार वेळ चालले नाही. शिवराजच्या सर्व फिती जागच्या जागी होत्या. पुसला गेला होता तो केवळ तिचा भाग. गिरिजाबाईंनी न राहवून विचारले की, मग तुझे ते सगळे गेले का गं, इतक्या वर्षांचे? ती म्हणाली, "न्हाय आई. माझं मी त्याच दिवशी काढून घेतलंय." तिने दुसरी काडी उचलून दाखविली. "काम माझ्याजवळ हाय. जागा तेवढी गेली."

जोतीराम स्टुलावर बसले होते. ते स्टूल त्यांनी नेहमीप्रमाणे तिच्या शेजारी ओढले होते, पण पडद्यावर त्यांना कळेल असे काही नव्हते. त्यांनी विचारले, "आता दोनी नावं येतील न्हवं?"

"एकच घर राहिलं, आप्पा. आता विचारायचं कुणाला?"

"मग तुझं पुन्ना मांड. अर्धं. शिवाला मी सांगतो. तो न्हाय म्हणायचा न्हाय."

शिवराज लगेच म्हणाला की, ताई, मांड तू, मी बाहेरून दुसरी तबकडी आणून जोडतो, मला तेवढ्यावर भागेल. मला वाटते, ते तो मनापासून म्हणाला. त्या क्षणी सर्वांनी तिच्याकडे पाहिले; मी दारात उभा होतो, मीही पाहिले. तिने कळांवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"मी साडी घेतली की, आप्पा."

तिच्या स्वरात राग नव्हता, हे मी खात्रीने सांगतो. राग असता तर जोतीराम यांना समजूत काढता आली असती. त्यांनीच आयुष्यभर सांगितलेली रीत ती त्यांना परत करीत होती, आणि त्या रीतीत पुढचा शब्द नव्हता.

संगणक बंद करून तिने चालू करून दाखविला. पडदा काळा झाला, आणि न थांबता सरळ शिवराजचा भाग उघडला. गिरिजाबाईंनी जेवून जा म्हणून आग्रह केला, ती जेवली. भाकरी, वांगे आणि शेंगांची चटणी. चटणी तिने मागून घेतली. ती गाडीस जाण्यापूर्वी जोतीराम तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत गेले. काय बोलले ते ठाऊक नाही. परत आले तेव्हा एकटेच दारात बराच वेळ चपला झटकीत होते.

पुढे तिच्या खेपेचा रविवार आला तेव्हा त्यांनी दाढी केली. संगणक मात्र सुरू केला नाही. दुपारपर्यंत वाट पाहून त्यांनी होटगीस फोन लावला, तो बजाबाईंनी उचलला. बजाबाई मोकळेपणाने बोलल्या, सर्वांची खुशाली विचारली. यांनी ऋतूला पाठवून द्या म्हणताच त्यांनी विचारले, "मशीन पुन्ना बिघडलं व्हय?" हे म्हणाले, नाही, मशीन चांगले आहे. तेव्हा त्या म्हणाल्या, "मग पंचमीला यील की. लांब हाय का पंचमी?"

जोतीराम यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे येऊन बसले. ते म्हणाले, "सिद्धराम, मी लेकीची जागा मागितली न्हवती रं. कॉम्प्युटरमधली मागितली हुती." मी चहा ठेवावयास सांगितले.

नक्षीवाल्याने काही दिवस वाट पाहून ते काम दुसऱ्या एका मुलास दिले. अभिमन्यू लॅपटॉप घेणार आहे असे ऐकतो, घेईलही. तोवर ती काडी तिने आपल्या करंड्यात, कुंकवाच्या डबीशेजारी ठेवली आहे, असे गिरिजाबाई सांगत होत्या.

पंचमीस ती आली. तीच डाळिंबी साडी नेसून आली होती. गिरिजाबाईंनी पुरणाची दिंडे केली होती. ती बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांना बसवितात त्या खाटेवर बसली. शिवराज आतल्या खोलीत एका लग्नाच्या फितीला गाणे लावीत होता. त्याने उठून, ताई, बस की थोडी, म्हणून खुर्ची रिकामी केली. ती दारातून डोकावून, छान जमलंय रे, म्हणाली आणि परत खाटेवर येऊन बसली.

जोतीराम यांच्या सदऱ्याच्या खिशात एक घडी केलेला चौकटीचा कागद होता. तो त्यांनी कारखान्यातून तिच्याकरिताच आणला होता, हे मला ठाऊक होते, कारण आदल्या दिवशी तो मागून घेताना मी जवळ होतो. पण बाहेर काढण्यास त्यांना कारण सापडत नव्हते. दोनदा हात खिशाकडे गेला आणि परत आला. तेव्हा तिनेच तो वर आलेला कोपरा पाहिला, हात पुढे केला. त्यांनी कागद दिला. तिने तो मांडीवर पसरला, नखाने एकेक ओळ मोजीत खाली आली आणि एका ठिकाणी थांबली.

"हितं धागा लई लांब मोकळा राहतोय, आप्पा. अडकंल."

"व्हय," जोतीराम म्हणाले. "दिसलं न्हाय मला."

तिने कागदाची घडी पूर्वीच्याच रेघांवर घातली आणि त्यांच्या हातात दिली. दिवेलागणीच्या आत घरी पोचावयाचे होते, म्हणून ती उठली. गिरिजाबाईंनी तिची ओटी भरली. ती गेल्यावर जोतीराम आत गेले. शिवराज यंत्र बंद करून कोठे बाहेर पडला होता. त्यांनी खुर्चीत न बसता स्टूल घेतले, संगणक सुरू केला आणि बाणाच्या कळीवर बोट ठेवून थांबले. पडदा काळा झाला. मग उजळला, आणि त्यांच्या बोटाखालची कळ तशीच राहिली.